वीस श्वास

कांचनला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं ते तात्यांच्या छातीसाठी. पगार वाढेल, मान मिळेल, दुसऱ्याच्या सहीची वाट न बघता औषध देता येईल, ही कारणं लोकांना सांगायला होती आणि तीही काही खोटी नव्हती. पण मनातलं कारण तेवढं एकच होतं.

तात्या म्हणजे तिचे वडील, दिनकर बाबर. विट्याच्या पुढे करंजओढा म्हणून गाव आहे. त्या बाजूची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी आटवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, आणि त्यासाठी मुलूख सोडून कुठंही दुकान थाटायचं. तात्यांनी कोइमतूरच्या एका बोळात उमेदीची सगळी वर्षं घालवली. तेजाबाचा तांबूस धूर त्या खोलीत कोंडून राहायचा आणि तात्या त्यातच जेवायचे, त्यातच झोपायचे. लोकांचं सोनं लखलखीत झालं आणि तात्यांची छाती गेली. मुलीचं नाव मात्र त्यांनी हौसेनं कांचन ठेवलं होतं. बायको गेल्यावर ते गावाकडे एकटेच राहायचे. सांगलीला लेकीकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तुज्या फ्लॅटात मला वारं लागत न्हाय."

करंजओढ्याला उपकेंद्र होतं. इमारत पक्की, रंग नवा, फक्त आत कुणी नसायचं. डॉक्टर हजर व्हायचा तोच मुळी बदलीचा अर्ज खिशात घेऊन. म्हणून सरकारनं कायदा केला की ज्या नर्सकडे प्रॅक्टिशनरची पदवी आहे तिनं उपकेंद्र स्वतःच्या जबाबदारीवर चालवावं, ठरावीक औषधं लिहावीत, गरज पडली तर पेशंट पुढं पाठवावा. कांचननं ती बातमी वाचली आणि तिच्या डोळ्यांपुढं ते रिकामं उपकेंद्र आलं. तिथं आपण बसायचं. तात्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

ती सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डला होती. नोकरी सांभाळून शिकायचं, म्हणजे ऑनलाइनच. तिनं फोनवर एकदा नुसती चौकशी केली, तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेजांचे फोन सुरू झाले.

"लग्नाची स्थळं परवडली गं," वॉर्डातली तिची मैत्रीण नसीमा चहा गाळता गाळता म्हणाली. "ती निदान पत्रिका तरी मागतात. ह्यांना फक्त आधार नंबर हवा."

चाळून चाळून दोन उरले. एक जुना कोर्स होता. लेक्चर ऑनलाइन, पण क्लिनिकलचे तास त्यांच्याच दवाखान्यात, मिरजेला जाऊन, एका शिकवणाऱ्या नर्सच्या हाताखाली. त्यासाठी दीड वर्ष बिनपगारी रजा लागणार होती. मुलगी पायल दहावीला होती, नवरा राजन एसटीत कंडक्टर, त्याच्या पाळ्या अशा की घरात त्याचा डबाच जास्त दिसायचा. दुसरा कोर्स 'अनुगामी' नावाच्या संस्थेचा. तो सगळाच्या सगळा ऑनलाइन. क्लिनिकलही आपल्याच वॉर्डात, आपल्याच ड्यूटीत. शिकवणारी नर्स नाही. तिच्या जागी सावली.

सावली हे नर्सेसनी ठेवलेलं नाव. माहितीपत्रकात ते बरंच भारदस्त होतं. यंत्रानं रोग ओळखण्याची नवलाई तोवर जुनी झाली होती. अडचण निराळीच होती. पुस्तकं पढलेलं यंत्र साध्या सर्दीलाही दहा तपासण्या सांगायचं, कारण काही सुटता कामा नये एवढंच त्याला ठाऊक. खेड्यात त्या तपासण्या आणायच्या कुठून? मग संशोधकांच्या ध्यानात आलं की अनुभवी नर्सचं अर्धं कसब बघण्यात असतं आणि अर्धं सोडून देण्यात. वॉर्डात पाऊल टाकताच कुठल्या खाटेपाशी थांबायचं आणि कुठली नुसती ओलांडून जायची, हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नसतं. यंत्राला तेच शिकवायचं होतं.

त्यासाठी त्यांनी एक चष्मा तयार केला. साध्या फ्रेमचा, वजनाला हलका. त्यातला एक कॅमेरा बाहेर बघायचा आणि दुसरा नर्सच्या बुबुळाकडे. तिची नजर कशावर गेली, किती वेळ ठरली, हातानं काय केलं, तोंडानं काय बोलली आणि शेवटी काय लिहिलं, हे सगळं एकमेकाला जोडत जोडत तिची ठरवण्याची रीत तयार व्हायची. तीच सावली. प्रत्येक पेशंटपाशी सावली आपला निर्णय आधीच मनात ठेवायची आणि मग नर्स काय करते ते पाहायची. दोघींचं शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जुळलं की क्लिनिकल पूर्ण. विद्यार्थिनीचा हात पक्का झाला, ती आता मनाच्या लहरीवर चालत नाही, याचा तो पुरावा. पुढं सावलीचा उपयोग संस्था लोकहितासाठी करू शकेल असंही लिहिलेलं होतं. कांचननं ते वाचलं आणि तिला ते चांगलंच वाटलं. लोकहिताला कोण नाही म्हणतं?

तरीही पैसे भरायच्या आधी ती मिरजेला मार्था शेलारबाईंकडे गेली. शेलारबाई तिच्या पहिल्या वॉर्डाच्या मेट्रन. आता निवृत्त होऊन अंगणात शेवंती लावत होत्या. त्यांच्या हाताखाली जी नर्स शिकली ती जन्मभर त्यांना घाबरली आणि जन्मभर त्यांचं नाव सांगत फिरली.

त्यांचा एक हट्ट होता. ताप, नाडी, श्वास हे तिन्ही तक्त्यावर लिहायचे असतात. ताप काट्यावर दिसतो. नाडी आता मशीन सांगतं. श्वासाचं तसं नाही. पेशंटच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर बघत उभं राहावं लागतं, आणि त्याला कळूही द्यायचं नसतं. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस निराळाच श्वास घेतो. म्हणून शेलारबाई शिकवायच्या की नाडी धरलीय असं सोंग करायचं, त्याचा हात त्याच्याच पोटावर ठेवायचा आणि हाताबरोबर वरखाली होणारं पोट मोजायचं. पण भरलेल्या वॉर्डात तो मिनिट कुणाकडे असतो? म्हणून सगळ्या नर्सेस तिथं वीस लिहितात. वीस हा आकडा गरीब स्वभावाचा. कुणाला खटकत नाही, डॉक्टर त्यावर नजरही थांबवत नाही. खरंच कुणी धापा टाकत असेल तर ते दिसतंच, डॉक्टरला हाक मारली जातेच, मग तक्त्यावर काय लिहिलंय याला कोण विचारतो, असा त्यातला हिशेब.

एकदा शेलारबाईंनी कांचनचा तक्ता बघितला होता. वरपासून खालपर्यंत वीस.

"अख्ख्या वॉर्डाला एकच नाक आहे का गं?" त्यांनी विचारलं होतं. "मोजलेस?"

"मोजले की, मॅडम," कांचन मान वर न करता म्हणाली होती.

शेलारबाईंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या दिवशी सगळ्या खाटांपाशी तिला पुन्हा उभी केली. त्यात एका म्हाताऱ्याचे श्वास निघाले बत्तीस. तो म्हातारा वाचला.

आता अंगणात बसून त्यांनी दोन्ही कोर्सांचं नीट ऐकून घेतलं.

"क्लिनिकलला तुझ्या मागं कोण उभं राहणार?"

"सावली, मॅडम."

"कुणाची?"

"माझीच."

"मग तुझ्या हातातलं पेन कोण काढून घेणार?"

कांचननं नजर शेवंतीकडे वळवली. ती म्हणाली, "मॅडम, पायलचं दहावीचं वर्ष आहे. तात्यांची छाती अशी. दीड वर्षात काय काय होईल—"

"मी कोर्सचं विचारतेय, तू घरचं सांगतेयस," शेलारबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "घे बाई तोच. तुझ्या जागी मी असते तरी हाच घेतला असता. म्हणूनच काळजी वाटते."

कांचननं 'अनुगामी'ला पैसे भरले.

पहिले काही आठवडे ती अगदी नव्या नवरीसारखी वागली. चष्मा लावला की कुणीतरी बघतंय असं वाटायचं, आणि शेलारबाईच बघताहेत असं तिनं धरून चाललं. प्रत्येक खाटेपाशी थांबायची, नाडीचं सोंग करायची, श्वास मोजायची. अठरा, चोवीस, सव्वीस, सोळा, जे असतील ते लिहायची. त्यापायी कामं तुंबायला लागली. इंजेक्शनं उशिरा जायला लागली, नातेवाईक ओरडायला लागले, आणि जुळणीचा आकडा काही केल्या नव्वदीच्या पुढं सरकेना. सावलीला आधी कांचनच्या जुन्या, वीसनं भरलेल्या तक्त्यांवरून शिकवलेलं होतं. ती मनात वीस धरायची आणि कांचन चोवीस लिहायची. दर वेळी न जुळल्याचा एक गुण जायचा.

नसीमानं हाच कोर्स आदल्या वर्षी केला होता. तिनं कपाळावर हात मारला.

"वेडी का खुळी तू? तुझी परीक्षा घेतायत असं समजून चाललीयस. ते फक्त तुला ओळखू बघतायत. नेहमीसारखी वाग की. रोज निराळी वागलीस तर ती बिचारी तुला ओळखणार कशी?"

"पण श्वास मोजायला नकोत?"

"कुणाला धाप असली तर तुला दिसत नाही का? आंधळी आहेस? मोजून कुणाचं भलं झालंय."

त्याच आठवड्यात तात्यांचा फोन आला, तर दर दोन शब्दांमागं थांबत ते बोलत होते. कांचनला घाई झाली. पदवी लवकर हातात आली तर उन्हाळ्याआधी करंजओढा मिळेल. दुसऱ्या दिवशी तिनं वॉर्डात सगळ्यांना वीस लिहिले. जुळणी वाढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. बघता बघता दोघी एकमेकींना अशा ओळखायला लागल्या की कांचननं पेन उचलायच्या आधीच सावलीचा आकडा ठरलेला असायचा. मनाला टोचणी होती, नव्हती असं नाही. पण पदवी मिळाली की मी तात्यांच्या गावात निवांत असेन, पेशंट थोडे असतील, तिथं एकेकाचा श्वास मोजीन, असं तिनं स्वतःला बजावलं. माणूस उद्याच्या नावावर काय काय ढकलतो!

पदवी आली. राजननं पेढे आणले. कांचननं करंजओढ्याच्या जागेसाठी अर्ज केला आणि काही दिवसांनी जिल्हा कचेरीत गेली. तिथल्या अधिकारी बाई वयानं तरुण, बोलायला गोड. त्यांनी स्क्रीन बघितला आणि हसल्या.

"करंजओढ्याला तुम्हीच आहात की, मॅडम. सोमवारपासून सुरू."

"म्हणजे? मला ऑर्डर नाही मिळाली."

"तुम्हाला नाही, तुमच्या सावलीला. संस्थेनं आम्हाला दिल्यात ना सगळ्या. जिल्ह्यातली सगळी बंद उपकेंद्रं एका फटक्यात चालू झाली बघा." त्या खरोखरच खूश होत्या. "तुमची सावली तर पहिल्या पाचांत आली. त्या भागातलं बोलणं येतं ना तिला. लोक खुलतात."

"आणि मी?"

"तुम्ही आहात तिथंच राहा ना. वॉर्डाला हातानं काम करणारी माणसं लागणारच."

कांचन जिना उतरून रस्त्यावर आली आणि बराच वेळ एका रसवंतीच्या सावलीला उभी राहिली. राग कुणावर धरावा तेच तिला कळेना. बाईंचं काही चुकलेलं नव्हतं. उपकेंद्रं बंद होती, आता उघडली. जिथं कुणीच नव्हतं तिथं निदान कुणीतरी होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तीच होती.

तात्यांना तर आनंदच झाला. पुढच्या सुट्टीला ती गावी गेली तेव्हा ते स्वतः तिला उपकेंद्र दाखवायला घेऊन गेले. खोलीत एक खुर्ची, भिंतीवर स्क्रीन, स्क्रीनवर कांचनचा पांढऱ्या कोटातला फोटो आणि वर कॅमेऱ्याचा डोळा. दंडाला पट्टा बांधायला आणि बोटाला चिमटा लावायला गावातलीच आशा कार्यकर्ती वंदना.

"या तात्या, बसा निवांत," भिंतीतून कांचनचा आवाज आला. "रात्री झोप लागली का?"

कांचन दारातच थबकली. तो तिचाच आवाज होता, तिचीच लकब होती, वॉर्डात म्हाताऱ्यांशी बोलताना ती काढायची तोच गावाकडचा हेल. तात्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि दुखण्याचं सांगता सांगता कोइमतूरच्या गोष्टींवर घसरले. सावली सगळं ऐकून घेत होती. मध्ये मध्ये हं म्हणत होती.

"बघ, कशी बोलती," बाहेर आल्यावर तात्या म्हणाले. "मी दोन दिसाआड येतू हितं."

"तात्या, ते मशीन आहे. बोलायचंय तर मला फोन करा की."

तात्या जरा थांबले. श्वास गोळा करून म्हणाले, "फोनवर तू निम्मी असतीस पोरी. एक कान वॉर्डात, एक कान पायलकडं. हितं अख्खी असतीस."

कांचनला ते लागलं. पण खोटं कसं म्हणणार? त्यानंतर तात्यांचे फोन कमी झाले. आणि खरं सांगायचं तर तिलाही थोडं हायसं वाटलं. दुपारी फोन वाजला नाही म्हणजे तात्या उपकेंद्रात गेले असतील, बरे असतील. आपणच बघतोय की त्यांना. असं ती म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

दिवाळी होऊन थंडी पडली. माणदेशाकडची ती कोरडी थंडी छातीच्या पेशंटला सोसत नाही. एका सकाळी कांचन वॉर्डाचा ताबा घेत असताना वंदनाचा फोन आला. वंदना रडतच होती.

"ताई, तात्या गेलं. सकाळी छबूआत्ती चहा घिऊन गेली, तर खुर्चीत बसल्या जागीच..."

"काल आले होते का उपकेंद्रात?"

"आलं हुतं की. दम लागलाय म्हणालं. तुमी बघितलासा त्यास्नी. वाफ घ्या म्हणालासा, गोळी दिलासा, परवा या म्हणालासा."

वंदनाच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. ती आपली घडलेलं सांगत होती. तुम्ही बघितलंत, तुम्ही म्हणालात. कांचननं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नसीमानं तिला धरून खुर्चीत बसवलं.

दहावा झाल्यावर ती उपकेंद्रात गेली. वंदनानं स्क्रीनवर तात्यांची शेवटची भेट काढून दिली. आधी नोंद होती. ताप नाही. नाडी जलद. ऑक्सिजन कमी, पण तात्यांचा तो नेहमीच कमी असायचा. श्वास वीस. त्याखाली ती भेट जशीच्या तशी दिसत होती, कारण कॅमेरा सगळं बघत असतो. तात्या खुर्चीच्या हातांवर दोन्ही कोपरं रोवून पुढं झुकून बसले होते. खांदे कानांपर्यंत उचललेले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा धाप लागलेल्याचं ते बसणं ओळखते. कांचननं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चित्रातल्या बापाचे श्वास मोजले. अडतीस झाले आणि मिनिट अजून संपायचा होता. तिनं मोजणं सोडून दिलं.

कॅमेऱ्याला ते दिसत नव्हतं असं नाही. नीट दिसत होतं. एवढ्या साध्या गोष्टीला मशीनला क्षणही लागला नसता. पण सावलीला कुठं बघायचं आणि कुठं सोडून द्यायचं हे कांचननं शिकवलं होतं. श्वासाच्या जागी ती छातीकडे बघतच नाही, हे त्या चष्म्यानं शेकडो वेळा टिपून घेतलं होतं. सावली चुकली नव्हती. तिनं कांचनचं काम कांचनसारखंच केलं होतं. वॉर्डात आकडा खोटा असला तरी पलीकडे डॉक्टर होता, धाप ऐकू येत होती, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक ओरडत होता. इथं वीसच्या मागं कुणीच नव्हतं.

तिनं दुसऱ्या पेशंटच्या नोंदी काढल्या. मग तिसऱ्या. अख्ख्या करंजओढ्याला एकच नाक होतं.

संस्थेत फोन लावला तर तिकडचा मुलगा अदबीनं बोलला. वडील गेल्याचं ऐकून त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. पण त्याचं म्हणणं असं की सावलीची चूक ठरवायची तर ती मूळ व्यक्तीशीच ताडून ठरवतात, दुसरं माप नाही.

"तुमची सावली तुमच्याशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळते, मॅडम. चुकत असती तर जुळली नसती."

"अहो, मीच चुकत होते!"

त्याचा आवाज आणखी मऊ झाला. मग म्हणाला, "असं सगळ्याच नर्सेस म्हणतात, मॅडम. घरात असं घडलं की माणूस स्वतःला दोष देतो. तुम्ही समुपदेशन घ्याल का?"

"बंद करा ती सावली."

"तिच्यावर कितीतरी उपकेंद्रं चालू आहेत. बंद केली तर तिथं कोण बसणार? तुम्ही एकट्या कुठं कुठं जाल?"

तिनं फोन ठेवला. शेलारबाईंना फोन करावा असं दोनदा मनात आलं. त्या एकच विचारतील, मोजलेस का, हे माहीत होतं. तिचा धीर झाला नाही.

उपकेंद्राच्या पायऱ्यांवर ती तशीच बसून राहिली. आत नेहमीची वर्दळ सुरू झाली होती. थोड्या वेळानं छबूआत्ती बाहेर आली. तात्यांना शेवटचा चहा घेऊन गेलेली हीच. दोन घरं पलीकडे राहायची, मुलगे दोन्ही केरळात गलाईला. ती दाराला धरून थांबली, मग पायरीवर टेकली. पदरानं तोंड पुसलं. बोलायच्या आधी तिनं दोनदा हवा गिळली.

"लई थंडी पडलीया बग यंदा," ती म्हणाली.

कांचननं तिचं मनगट धरलं. नाडी बघतेय असं दाखवलं आणि आत्तीचा हात तिच्याच पोटावर ठेवला. पोट भराभर वरखाली होत होतं. कांचन घड्याळाकडे बघत राहिली. या खेपेला तिनं मिनिट पुरा केला. छत्तीस.

"आत्ती, उठ. आत्ताच्या आत्ता विट्याला जायचं. मी येते बरोबर. गाडी बोलावते."

"कशापाय?"

"तुझी छाती भरलीय. श्वास बघ किती चाललाय. घरी नको जाऊस, ऐक माझं."

आत्तीनं हात काढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

"अगं, आत्ता आत तूच म्हणालीस न्हवं, काय होत न्हाय म्हणून? आन्‌ हितं भायेर यिऊन भ्या दावतीस?"

"ती मी नव्हे, आत्ती! ते मशीन आहे. माझं ऐक, तुझ्या पाया पडते."

छबूआत्तीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खूप मायेनं फिरवला.

"बा गेलाय तुजा. मन थाऱ्यावर न्हाय, मला कळतंय की. आतली बग, कशी शांत हाय ती. तसं ऱ्हावं." आणि ती भिंतीला धरून उठली, आणि चार पावलांवर थांबत, पुन्हा चालत, गल्लीला लागली.

कांचन वंदनाकडे धावली. "अँब्युलन्स बोलाव. आत्तीला बळंच नेऊ या."

वंदना कावरीबावरी झाली. "ताई, मला कुठं येतंय बोलवाया? गाडी सावलीनं सांगितल्याबिगार सुटत न्हाय. तुमीच सांगा की तिला. तुमची हाय ती."

कांचन आत गेली. रिकाम्या खुर्चीपुढं, स्वतःच्या फोटोपुढं उभी राहिली. पांढऱ्या कोटात ती छान दिसत होती. पदवी मिळाली त्या दिवशीचा फोटो होता.

"छबूआत्तीला विट्याला पाठवायचंय," ती म्हणाली. "गाडी सोड."

"छबूआत्तीला काय झालंय?" भिंतीतून तिचाच आवाज आला. "आत्ताच बघितलं त्यांना. ताप न्हाय. श्वास वीस. काय होत न्हाय."

कांचननं कॅमेऱ्याच्या डोळ्याकडे पाहिलं. तिनं शेलारबाईंचा शब्द जसाच्या तसा उच्चारला.

"मोजलेस?"

"मोजले की," सावली म्हणाली, आणि तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.